ब्लेझ पास्कल : अंगरख्यात शिवलेली साक्ष

परमेश्वराचा अनुभव आला, म्हणून परमेश्वर आहे असे सिद्ध होते काय? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता मर्यादित नाही. तो आपल्या धर्मग्रामांत आणि घरांतही वावरतो आहे. प्रार्थनासभेत एखादी माता उभी राहते आणि प्रभूने आपल्याला कसा स्पर्श केला याची डोळ्यांत पाणी आणून साक्ष देते. महाविद्यालयात शिकणारा तिचाच मुलगा घरी आल्यावर तिला विचारतो, की हा मनाचा खेळ नव्हे कशावरून? मागच्या बाकावर आणखी एक भाविक बसलेला असतो. रविवारची मिस्सा त्याने कधी चुकवलेली नाही, परंतु त्याला आजवर काहीच जाणवलेले नाही. आपल्या श्रद्धेत काही उणे तर नाही ना, ही खंत त्याला आतून पोखरत असते.

या तिघांनाही उपयोगी पडेल असे एक जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ, शास्त्रज्ञ आणि ख्रिस्ती विचारवंत ब्लेझ पास्कल यांचे हे जीवन. पुरावा म्हणजे काय, हे त्यांच्या काळात त्यांच्याइतके काटेकोरपणे जाणणारे फार थोडे होते. त्याच माणसाला एका रात्री परमेश्वराचा जबरदस्त अनुभव आला. त्या अनुभवाचे त्यांनी काय केले आणि काय केले नाही, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांला वाटते.

पित्याच्या छायेत

ब्लेझ यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. ते अवघे ३ वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. थोरली बहीण जिल्बेर्त आणि धाकटी जाक्लीन यांच्यासह तिन्ही मुलांचा सांभाळ वडील एतिएन पास्कल यांनी केला. ते करविषयक न्यायालयात अधिकारी होते आणि स्वतः गणिताचे जाणकार होते. १६३१ मध्ये हे कुटुंब पॅरिसला आले. मुलाला शाळेत न घालता वडिलांनी त्याला घरीच शिकवले.

आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून वडिलांनी भूमितीची पुस्तके मुलापासून दूर ठेवली होती. परंतु जिल्बेर्त यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे १२ वर्षांचा ब्लेझ जमिनीवर कोळशाने आकृत्या काढीत त्रिकोणाच्या कोनांचा विचार करताना वडिलांना सापडला. त्याची झेप पाहून त्यांनी त्याच्या हाती युक्लिडचा ग्रंथ दिला. १६व्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. रुआँ येथे करवसुलीचे काम करणाऱ्या वडिलांना रात्र रात्र बेरजा कराव्या लागत. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून १९व्या वर्षी त्याने आकडेमोड करणारे यंत्र बनवायला घेतले. दाते असलेल्या चाकांवर चालणाऱ्या या यंत्राचे सुमारे ५० नमुने त्याने करून पाहिले. एखादी गोष्ट निर्दोष ठरेपर्यंत तपासत राहण्याची ही वृत्ती पुढे आयुष्यभर टिकली.

जानेवारी १६४६ मध्ये वडील बर्फावरून घसरून पडले आणि त्यांचे हाड मोडले. उपचारासाठी घरी राहिलेल्या दोन भाविक बंधूंमुळे या कुटुंबात धार्मिक ग्रंथांचे वाचन सुरू झाले. पास्कल कुटुंब मुळातच कॅथोलिक होते, परंतु आता श्रद्धेला गांभीर्य आले. पोर-रोयाल या मठाशी आणि तेथील कडक साधनेच्या परंपरेशी त्यांचा संबंध जुळला तो याच काळात.

डोंगरावर नेलेली नळी

त्या सुमारास युरोपातील विद्वानांत एक वाद रंगला होता. काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर पारा थोडा खाली उतरतो आणि वर मोकळी जागा राहते. इटलीतील तोरिचेल्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग पास्कल यांनी रुआँ येथे करून पाहिला. वरच्या जागेत काय असते? पारा खाली का पडत नाही? निसर्गाला पोकळी सहन होत नाही, असे जुने मत होते. येशूसंघीय फादर एतिएन नोएल यांनी १६४७ मध्ये पास्कल यांना कळवले, की काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून विरळ हवा आत शिरून ती जागा भरत असावी.

पास्कल यांनी फादर नोएल यांना दिलेले उत्तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जे इंद्रियांना किंवा बुद्धीला स्वयंस्पष्ट आहे, अथवा अशा गोष्टींतून जे अटळपणे निष्पन्न होते, तेच ठामपणे मान्य करावे, असा नियम त्यांनी मांडला. एखादी कल्पना दिसणाऱ्या घटनेशी जुळते एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, कारण तीच घटना दुसऱ्या एखाद्या कल्पनेशीही जुळू शकते. श्रद्धेची रहस्ये मात्र त्यांनी या नियमाबाहेर ठेवली. त्यांचा आधार निराळा आहे, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

हवेच्या वजनामुळे पारा तोलला जातो, हे पडताळण्यासाठी त्यांनी आपले मेहुणे फ्लोराँ पेरिए यांना क्लेरमाँजवळील प्वी द दोम या डोंगरावर नळी नेण्यास सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही धर्मगुरू आणि प्रतिष्ठित नागरिकांसह निघाले. एक नळी पायथ्याशी मठाच्या बागेत उभी ठेवण्यात आली आणि एका मठवासीयाने दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवले. शिखरावर वेगवेगळ्या पाच जागी, चॅपेलच्या आत आणि बाहेर, वाऱ्यात आणि धुक्यात, मोजमाप घेण्यात आले. प्रत्येक वेळी पारा पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आढळला. पायथ्याच्या नळीतील पारा जागचा हलला नव्हता. वर हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी, हे दिसून आले. पुढे १९७१ मध्ये दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला पास्कल यांचेच नाव देण्यात आले. चक्रीवादळाच्या दिवसांत हवामान खात्याच्या पत्रकात 'हेक्टापास्कल' हा शब्द आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव वाचतात, तो याच नावातून आलेला आहे.

शास्त्रातील पुरावा कसा असतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. तो मोजता येतो, साक्षीदारांसमोर होतो, दुसऱ्याच्या हातूनही तसाच घडतो आणि हवा तितक्या वेळा पुन्हा करता येतो.

२३ नोव्हेंबरची रात्र

सप्टेंबर १६५१ मध्ये वडिलांचे निधन झाले. जानेवारी १६५२ मध्ये जाक्लीन पोर-रोयालच्या मठात दाखल झाली. भावाच्या मनाविरुद्ध उचललेले हे पाऊल होते आणि तिच्या वाट्याच्या संपत्तीवरून दोघांत कटुताही आली. पास्कल उच्चभ्रू मित्रांच्या वर्तुळात रमले. जुगाराचा डाव अर्ध्यावर थांबला तर पैजेची रक्कम कशी वाटावी, या कोड्यावर त्यांनी १६५४ मध्ये गणितज्ञ फेर्मा यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. कीर्ती होती, मित्र होते, बुद्धी तळपत होती. तरीही मन उदास होते.

त्या शरद ऋतूत ते वारंवार मठात जाऊन बहिणीला भेटू लागले. जाक्लीन यांच्या पत्रांतून कळते, की त्यांना जगाचा वीट आला होता, परंतु परमेश्वराकडेही ओढ वाटत नव्हती. त्या बाजूनेही सारे रिते होते. ज्यांना प्रार्थनेत कोरडेपणा जाणवतो, त्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. जगप्रसिद्ध धार्मिक अनुभवाच्या अवघे काही आठवडे आधी पास्कल यांचीही अवस्था अशीच होती.

सोमवार, २३ नोव्हेंबर १६५४. संत क्लेमेंत यांचा सण. रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत काहीतरी घडले. काय घडले, याचे वर्णन पास्कल यांनी कुठेही सविस्तर केलेले नाही. त्यांनी कागदावर काही तुटक ओळी लिहिल्या. वरती तारीख, त्या दिवसाचे संत आणि वेळ, सारे प्रयोगाच्या नोंदीसारखे नेमके. त्याखाली एका स्वतंत्र ओळीत केवळ अग्नीचा उल्लेख. मग आब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या देवाचा उल्लेख. हा देव विद्वानांच्या युक्तिवादातून निघणाऱ्या देवाहून वेगळा असल्याचे त्यांनी नोंदवले. पुढे निश्चिती, शांती, आनंद आणि आनंदाश्रू यांचे शब्द येतात. येशू ख्रिस्ताचा आपण त्याग केला होता याची कबुली येते, आणि त्याच्यापासून पुन्हा कधीही वेगळे न होण्याची विनवणी येते.

निश्चिती हा शब्द गणितज्ञाचा आहे आणि पास्कल तो सैलपणे वापरणारे नव्हते. फादर नोएल यांना काटेकोर नियम सांगणाऱ्या माणसाने या रात्रीसाठी हा शब्द लिहावा, यावरून त्या अनुभवाचे बळ ध्यानात येते.

त्यांनी तो कागद आणि चर्मपत्रावर काढलेली त्याची प्रत आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतली. कपडे बदलले, की टाके उसवून ती नव्या अंगरख्यात पुन्हा शिवली जाई. असे पावणेआठ वर्षे चालले. त्यांच्या निधनानंतर काही दिवसांनी एका सेवकाला अस्तरात काहीतरी जाड लागले, तेव्हा कुठे ही गोष्ट उजेडात आली. तो मूळ कागद आज पॅरिसमधील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन करून ठेवलेला आहे.

जाहीर चिन्ह आणि मूक साक्ष

त्या रात्रीनंतर दीड वर्षाच्या आत, २४ मार्च १६५६ रोजी, पास्कल कुटुंबात दुसरी घटना घडली. जिल्बेर्त यांची सुमारे १० वर्षांची मुलगी मार्गरीत पोर-रोयालच्या शाळेत शिकत होती. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात नासूर झाले होते आणि ते वाहत असे. ख्रिस्ताच्या मुकुटातील म्हणून पूजिल्या जाणाऱ्या काट्याचा स्पर्श तिच्या डोळ्याला करण्यात आला आणि ती बरी झाली. धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांनी वैद्यांचे जबाब घेऊन चौकशी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा चमत्कार असल्याचे जाहीर केले.

येथे घटना उघड होती, साक्षीदार होते, तपासणी झाली होती. तरीही पोर-रोयालच्या विरोधकांनी तिचा उलट अर्थ लावला. हा मठाला दिलेला कौल नसून सुधारण्याचा इशारा आहे, असे ते म्हणाले. त्यावेळी हा मठ यान्सेनवादाच्या वादात सापडला होता. त्या मताशी निगडित पाच विधाने परमगुरू दहावे इनोसंट यांनी १६५३ मध्ये निषिद्ध ठरवली होती. मठाच्या बाजूने पास्कल यांनी टोपणनावाने १८ पत्रे लिहिली. त्यांतील येशूसंघीयांवरची टीका धारदार होती आणि ती पत्रे १६५७ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. पास्कल यांच्या जीवनाची ही बाजू लपवण्याचे कारण नाही. परमेश्वराचा अनुभव आलेला माणूसही वादात घसरू शकतो. अनुभव म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

या चमत्काराने पास्कल यांना प्रेरणा मिळाली आणि अश्रद्धांसाठी ख्रिस्ती धर्माचे समर्थन करणारा मोठा ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी ठरवले. आजारपणामुळे तो पुरा झाला नाही. मोठ्या कागदांवर लिहिलेली, मग कापून दोऱ्यात ओवलेली टिपणे मागे राहिली. १६७० मध्ये ती प्रथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि 'पाँसे', म्हणजे चिंतने, या नावाने जगभर पोहोचली.

या टिपणांत पास्कल मानवाची थोरवी आणि त्याचे दैन्य दाखवतात, संदेष्ट्यांच्या भविष्यवाणींचा विचार करतात, शुभवर्तमानातील येशूकडे वळतात. जुगाऱ्याच्या भाषेत पैज मांडून, श्रद्धेच्या बाजूने उभे राहण्यात शहाणपण कसे आहे, हेही सांगतात. परंतु २३ नोव्हेंबरच्या रात्रीचा त्यांनी कुठेही पुरावा म्हणून वापर केला नाही. मला परमेश्वर भेटला, म्हणून तुम्ही माना, असे ते वाचकाला एकदाही म्हणत नाहीत. संकोच हे त्याचे कारण नसावे. डोंगरावरची नळी दुसऱ्याच्या हाती देता येते; ती रात्र देता येत नाही, हे ते जाणून होते.

या फरकाची मांडणी त्यांनी टिपणांतही केली आहे. अंतःकरण हा त्यांच्या मते भावनांचा कल्लोळ नसून जाणण्याचाच एक मार्ग आहे. अवकाश, काळ, संख्या यांची मूलभूत जाणीव आपल्याला तर्काने होत नाही. ती आधी असते आणि तर्क तिच्यावर उभा राहतो. त्याच मार्गाने परमेश्वर ज्यांना स्वतःची जाणीव देतो, ते धन्य आहेत आणि त्यांची खात्री रास्तच आहे. मात्र ज्यांना ती लाभलेली नाही त्यांना आपण केवळ विचार आणि कारणे देऊ शकतो. अंतःकरणाला स्पर्श करणे हे परमेश्वराचे काम आहे. जे सर्वस्वी बुद्धीला पटले आहे पण अंगवळणी पडलेले नाही, अशा साधकाला त्यांचा सल्ला साधा आहे. श्रद्धावंत जसे वागतात तसे वागायला लागावे, पवित्र पाणी घ्यावे, मिस्सा अर्पण करवून घ्यावी. अनुभव येईल तेव्हा श्रद्धा ठेवू, असे म्हणत थांबून राहू नये.

आक्षेप आणि ख्रिस्तसभेची भूमिका

त्या कागदाची थट्टाही झाली. अठराव्या शतकात कोंदोर्से यांनी त्याला ताईत म्हटले. १८४६ मध्ये लेल्यु नावाच्या फ्रेंच वैद्याने पास्कल यांच्या या 'ताईता'वर एक पुस्तकच लिहून त्या रात्रीचा भास म्हणून विचार केला. पास्कल आजन्म आजारी असत, डोकेदुखीने हैराण होत, हे खरे आहे. परंतु एखाद्या अनुभवाच्या वेळी शरीरात आणि मेंदूत काही घडते, एवढ्यावरून तो अनुभव खोटा ठरत नाही. भूमितीचा सिद्धान्त सुचतानाही मेंदूत काहीतरी घडतच असते. मात्र याची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अनुभव खोटा ठरत नाही म्हणून तो इतरांसाठी सिद्ध झाला, असेही होत नाही. अन्य धर्मांतील साधकांनाही गाढ अनुभव येतात आणि तेही तितक्याच मनापासून बोलतात.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे तोल राखते. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये सांगितले, की सृष्टीकडे पाहून मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात परमेश्वराला निश्चितपणे ओळखता येते. माणसाने केवळ अंतरीच्या खासगी अनुभवावरूनच श्रद्धेकडे वळावे, बाह्य चिन्हांना काही अर्थ नाही, हे मत त्याच परिषदेने नाकारले. बुद्धीच्या युक्तिवादांवर पास्कल यांचा भरवसा याहून कमी होता. ते युक्तिवाद माणसाच्या मनावर फार काळ ठसत नाहीत, असे त्यांना वाटे. परंतु आपला अनुभव दुसऱ्यावर लादायचा नाही, याबाबत त्यांचे आचरण ख्रिस्तसभेच्या या शिकवणुकीला धरूनच होते.

अखेरचे दिवस

त्या रात्रीचे फळ पाहायचे असेल, तर पास्कल यांच्या शेवटच्या वर्षाकडे पाहावे. त्यांच्याच कल्पनेतून मार्च १६६२ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर ठरावीक मार्गाने धावणाऱ्या, पाच सू भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. त्यातून मिळणाऱ्या पैशांची उचल घेऊन ती ब्ल्वा प्रदेशातील गरिबांना पाठवावी, अशी त्यांची धडपड होती.

त्यांनी एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यातील मुलाला देवी आल्या. जिल्बेर्त आजारी भावाच्या शुश्रूषेला येत असत आणि त्यांच्या मुलांना संसर्ग होण्याची भीती होती. आजारी मुलाला बाहेर काढणे सोपे होते. पास्कल यांनी तसे केले नाही. त्याला हलवणे धोक्याचे, म्हणून ते स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेले. तेथे दुखणे विकोपाला गेले. पवित्र कम्युनियन लगेच मिळत नव्हते, तेव्हा त्यांनी मागणी केली, की एखाद्या गरीब रुग्णाला या घरी आणून त्याचीही माझ्यासारखीच शुश्रूषा करावी. मस्तक असलेल्या ख्रिस्ताशी एकरूप होता येत नसेल, तर त्याच्या अवयवांशी तरी व्हावे, ही त्यामागची भावना होती. ते जमले नाही, तेव्हा असाध्य रुग्णांच्या इस्पितळात आपल्याला हलवावे, असे त्यांनी सुचवले.

अखेरीस सेंत एतिएन द्यु माँ या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी त्यांना पवित्र साक्रामेंते दिली. १९ ऑगस्ट १६६२ रोजी वयाच्या ३९व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याच ख्रिस्तमंदिरात त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या जन्माला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध करून त्यांच्या सत्यशोधनाचा गौरव केला.

आपल्यासाठी बोध

धार्मिक अनुभवाने परमेश्वराचे अस्तित्व सिद्ध होते काय, या प्रश्नाला पास्कल यांचे जीवन दुहेरी उत्तर देते. ज्याला अनुभव येतो, त्याच्यासाठी तो खात्री असू शकतो आणि त्या खात्रीवर तो सारे आयुष्य उभे करू शकतो. दुसऱ्यासाठी मात्र तो पुरावा नसून साक्ष असते. पुरावा नाकारणाऱ्याला आपण चूक ठरवू शकतो. साक्ष नाकारणाऱ्याला आपण केवळ प्रेमाने वागवू शकतो.

म्हणून साक्ष देणाऱ्या मातेने आपल्या मुलाच्या प्रश्नाने दुखावून जाऊ नये आणि आपला अनुभव त्याच्यापुढे शस्त्रासारखा धरू नये. तिने त्याच्या प्रश्नांना विचारपूर्वक उत्तरे द्यावीत. न जमल्यास त्याला जाणकार धर्मगुरूंकडे न्यावे. मुलाने शंका जरूर घ्यावी, परंतु जे मोजता येत नाही ते नाहीच, असे प्रयोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या पास्कल यांनाही वाटले नव्हते, याचा विचार करावा. आणि ज्याला कधीच काही जाणवले नाही, त्या भाविकाने खंत करू नये. श्रद्धा हे परमेश्वराचे दान आहे. तिच्यासोबत रोमांच येतीलच, असे वचन त्याने कुणालाही दिलेले नाही. रविवारची मिस्सा, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस आणि दाराशी आलेल्या गरजूसाठी सरकून केलेली जागा, यांतूनही प्रभू येशू त्याच्याजवळ येतच असतो. झाडाची पारख फळांवरून होते, ही प्रभूचीच शिकवण आहे. आपल्या जीवनाला ते फळ यावे यासाठी आपण सर्व मिळून प्रार्थना करू या.